घरचा साक्षीदार

इंग्रजी अमदानीतल्या एखाद्या पोलीस अधिकाऱ्याच्या घराण्याची पत्रे, रोजनिश्या किंवा आठवणी प्रसिद्ध झाल्या, की मलपृष्ठावर थोड्याफार फरकाने एकच ग्वाही छापलेली असते: सरकारी दप्तरातून जे कधीच कळले नसते, ते इथे कळेल. परीक्षणे लिहिणारे तीच ग्वाही पुढे नेतात. अभ्यासकही प्रस्तावनेत असे मानून चालतात, की फाइल वरिष्ठांसाठी लिहिलेली असते म्हणून ती सावध, आणि पत्र घरच्यांसाठी लिहिलेले असते म्हणून ते निष्कपट. हे मत इतके रुळले आहे, की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. इथे तो मागायचा आहे.

पूर्वपक्ष दुबळा मांडून पाडण्यात काही अर्थ नाही, म्हणून तो त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडतो. त्यात तीन हेतू दिले जातात. पहिला असा, की आईला किंवा भावाला पत्र लिहिणाऱ्याला त्या पत्रावर बढती मिळवायची नसते, मग तो खोटे कशाला लिहील? दुसरा असा, की रोजनिशी त्या त्या दिवशी लिहिली जाते. उद्या काय घडणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, त्यामुळे उत्तरायुष्यातल्या आठवणींना चढतो तो मुलामा तिला चढत नाही. तिसरा असा, की बायका, मुली, बहिणी सत्तेच्या बाहेर होत्या. साहेबाच्या कृत्यांचे समर्थन करण्याची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती, म्हणून त्यांची नजर जास्त स्वच्छ.

या मताने एक चांगले कामही केले आहे. स्त्रियांनी लिहिलेले घरगुती कागद म्हणजे हवापाणी, नोकरचाकर आणि टेनिस, असे म्हणून पूर्वीचे इतिहासकार ते बाजूला सारत. 1960 आणि 70 च्या दशकांत केंब्रिजच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राने हिंदुस्थानात राहून गेलेल्या कुटुंबांकडून असे कागद मागवून जतन केले, आणि बीबीसीच्या ‘प्लेन टेल्स फ्रॉम द राज’ या मालिकेने त्या पिढीचे आवाज घरोघरी पोचवले. तुच्छतेची जागा आदराने घेतली, हे योग्यच झाले. पण आदराच्या भरात परीक्षाच थांबली, आणि वाद आहे तो तिथे.

मराठी वाचकाला या मताची भुरळ जरा लवकर पडते, त्याला कारण आहे. राजवाड्यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, तेव्हा बखरींवर विसंबण्याची सवय मोडून अस्सल कागदाचा आग्रह त्यांनी आपल्याला लावला. त्या आग्रहाचे आपण वारसदार आहोत, त्यामुळे पिवळा पडलेला, हाताने लिहिलेला, घरातल्या पेटीत सापडलेला कागद समोर आला की आपण निम्मे जिंकलेले असतो. पण त्याच परंपरेने आपल्याला दुसरीही गोष्ट शिकवली आहे. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या घरांतून आलेले महजर, म्हणजे तंट्याच्या निवाड्याचे कागद, आपण डोळे मिटून घेत नाही. वतनाच्या तंट्यासाठी बनावट महजर तयार होत, हे आपल्याला माहीत असते. वा. सी. बेंद्र्यांनी ‘साधन-चिकित्सा’ लिहिली ती याच गरजेतून. कागद घरातून आला म्हणजे तो निरपेक्ष, असे मराठी इतिहाससंशोधनाने कधीही मानलेले नाही. मग पाटलाच्या वाड्यातल्या कागदाला जी कसोटी, ती साहेबाच्या बंगल्यातल्या कागदाला का नको?

आता पहिला हेतू घेऊ: पत्र खासगी, म्हणून निःस्वार्थी.

फिलिप मेडोज टेलर हे नाव नळदुर्ग-तुळजापूरकडच्या वाचकाला परके नाही. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (1839) आणि ‘तारा’ (1863) या कादंबऱ्यांचा हा लेखक निजामाच्या नोकरीत होता. तरुणपणी त्याने निजामाच्या मुलखात पोलिसी अधिकार सांभाळले, पुढे सुरापूर संस्थानाचा कारभार पाहिला आणि 1853 पासून नळदुर्गच्या जिल्ह्यावर तो अंमलदार होता. त्याने आपला चुलतभाऊ हेन्री रीव्ह याला लिहिलेली पत्रे 1947 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. भावाने भावाला लिहिलेली पत्रे, यापेक्षा खासगी काय असणार? पण हा भाऊ लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये अग्रलेख लिहीत होता, आणि टेलर स्वतः 1840 पासून बरीच वर्षे त्याच वृत्तपत्राचा हिंदुस्थानातला बातमीदार होता. सुरापूरहून निघालेले पत्र रीव्हच्या टेबलावर पोचले, की त्यातला मजकूर इंग्लंडच्या राजकीय चर्चेत उतरायला कितीसा वेळ लागणार? टेलरला हे कळत नव्हते, असे मानण्याइतका तो भाबडा नव्हता. त्याचे आत्मचरित्र ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ तर तो 1876 मध्ये वारल्यानंतर पुढच्या वर्षी त्याच्या मुलीने संपादून प्रसिद्ध केले. म्हणजे बापाचे जगणे वाचकापर्यंत आले ते लेकीच्या हातून. लेकीने खोटेपणा केला असे मुळीच म्हणायचे नाही. पण संपादन ही निवड असते, आणि लेकीच्या निवडीत बापाची अब्रू हा घटक नव्हता असे कोण म्हणेल?

टेलर अपवाद असेल, असे म्हणता येईल. म्हणून सामान्य घरांचा विचार करू. विलायतेची डाक आठवड्यातून एकदा निघे आणि पोचायला दोन-तीन आठवडे लागत. उत्तर यायला महिना-दीड महिना सहज जाई. आलेले पत्र तिकडे एकट्याने वाचायचे नसे. ते मावश्या, आत्या, शेजारी यांच्यात फिरे. अशा पत्रात ‘काल यांच्यावर गोळी झाडली’ हे लिहिणारी सून आपल्या सासूला दीड महिना काय अवस्थेत ठेवणार आहे, याचा हिशेब करूनच लिहीत असणार. त्यात नोकरी पोलिसातली. सरकारी गुपिते फोडण्याविरुद्धचा कायदा हिंदुस्थानात 1889 मध्ये आला आणि 1904 व 1923 मध्ये तो आणखी कडक झाला. गुप्तचर खात्यातल्या माणसाने घरी काय बोलावे आणि घरच्यांनी काय लिहावे, यावर अशी दुहेरी वेसण होती. वरिष्ठांपुढे सावध राहणारा माणूस आईपुढे बेसावध होतो, हे गृहीतकच चुकीचे आहे. आईपुढे तो जास्त सावध असतो, फक्त सावधपणाचा विषय बदलतो.

याचा सर्वांत चांगला दाखला एरिक ब्लेअरचा. पुढे जॉर्ज ऑर्वेल या नावाने गाजलेला हा तरुण 1922 च्या अखेरीस इंडियन इम्पीरियल पोलीसमध्ये बर्माला गेला. मंडालेच्या पोलीस शाळेत शिकला. म्यांगम्या, त्वांते, सिरियाम, इन्सेन, मोलमेन, काथा अशा बदल्या झाल्या, आणि 1927 च्या जुलैत रजेवर परतला तो राजीनामा द्यायच्या तयारीने. घराणे पुरते साम्राज्यातले: वडील अफूच्या खात्यात, एरिकचा जन्म 1903 मध्ये मोतीहारीचा, आईचे माहेर मोलमेनचे. त्याने बर्मातून घरी लिहिलेली पत्रे आज उपलब्ध नाहीत. चरित्रकारांनी याची खंत पुष्कळ केली आहे. ती पत्रे असती तर खरा बर्मा कळला असता, असा तिचा सूर असतो.

पण बर्मातली कबुली आपल्याला मिळाली ती कुठे? ‘द रोड टू विगन पिअर’ या 1937 च्या पुस्तकात. रागाच्या झटक्यात आपण नोकरांना आणि हमालांना बुक्क्यांनी मारले, हे त्याने तिथे लिहून टाकले. ते पुस्तक लेफ्ट बुक क्लबने हजारो अनोळखी सभासदांच्या हाती दिले. अफूच्या खात्यातून निवृत्त झालेल्या वडिलांना, बर्मात वाढलेल्या आईला त्याने हे त्या वेळी पत्राने कळवले असते, असे मानायला आधार काय? आईवडिलांना सांगता येत नाही ते परक्याला सांगता येते. पश्चात्ताप करणाऱ्यांचा हा जुना अनुभव आहे. ‘खासगीत खरे, जाहीरपणे खोटे’ हे समीकरण इथे उलटे झालेले दिसते, आणि एकदा ते उलटू शकते हे दिसले, की पहिला हेतू नियम म्हणून उभा राहत नाही.

दुसरा हेतू: रोजच्या रोज लिहिले, म्हणून खरे.

पोलिसांच्या बाबतीत हा युक्तिवाद करणाऱ्याने निदान फौजदारी कायदा तरी पाहायला हवा होता. रोजच्या रोज लिहायची डायरी ही पोलीस अधिकाऱ्याच्या नोकरीचाच भाग होती. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 172 सांगते, की तपास अंमलदाराने दिवसागणिक डायरी लिहावी: खबर किती वाजता मिळाली, तपास कधी सुरू केला, कधी थांबवला, कोणकोणत्या ठिकाणी गेला, काय आढळले. घटनेच्या इतक्या जवळ लिहिलेला दुसरा कागद मिळणे कठीण. आणि त्याच कलमाने पुढे काय म्हटले? न्यायालयाने ही डायरी मागवून मदतीला घ्यावी, पण पुरावा म्हणून वापरू नये. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 25 ने तर पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध अजिबात ग्राह्य धरला नाही. या अविश्वासाला इतिहास होता. मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने 1855 मध्ये जे बाहेर काढले, त्यानंतर पोलिसाच्या कागदावर नुसता विश्वास ठेवणे सरकारलाही परवडणारे नव्हते. ज्या राजवटीने आपल्याच पोलिसाच्या ताज्या नोंदीला पुराव्याचा दर्जा दिला नाही, त्या पोलिसाच्या घरातल्या ताज्या नोंदीला आपण तो आपण होऊन द्यायचा, ही उदारता अजब म्हणायला हवी.

ताजेपणाने एक गोष्ट खात्रीने मिळते: पुढचे माहीत नसणे. पण आजूबाजूचे दिसणे ही वेगळी गोष्ट आहे. एरिकची आई आयडा ब्लेअर हिची 1905 ची रोजनिशी चरित्रकारांना मिळाली. ती तेव्हा मुलांना घेऊन इंग्लंडात हेन्ली येथे राहत होती, आणि नवरा हिंदुस्थानात नोकरीवर. नोंदी त्रोटक आहेत. फेब्रुवारीत लहानग्या एरिकला ब्राँकायटिस झाला, डॉक्टरला बोलावले, अशा धर्तीच्या. त्या खऱ्या आहेत यात शंका नाही. पण त्या घराचा खर्च ज्या अफूच्या व्यवहारातून निघत होता, त्याचा शोध घ्यायला अफू खात्याचे कागदच काढावे लागतात. रोजनिशी खोटे बोलत नाही. तिला विचारलेला प्रश्नच तिच्या आवाक्याबाहेरचा असतो.

याच संदर्भात ‘सरकारी कागद सावध’ हा समजही तपासून पाहावा. लॉर्ड कर्झनने 1902 मध्ये सर अँड्रू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग नेमला. आयोगाचा निष्कर्ष असा होता, की हे दल कार्यक्षम नाही, त्याचे शिक्षण आणि रचना सदोष आहेत, त्यावर देखरेख पुरेशी नाही, आणि लोक त्याला भ्रष्ट व जुलमी समजतात. पोलिसांवर इतका सरळ अभिप्राय देणारी घरगुती पत्रे मिळवायला बरेच शोधावे लागेल. अर्थात सरकारी कागदही निरागस नसतो: अहवाल 1903 मध्ये तयार झाला आणि सरकारने तो 1905 मध्ये आपल्या ठरावासह बाहेर काढला. फाइल खरी आणि पत्र खोटे, अशी उलटी अंधश्रद्धा मला मांडायची नाही. कागदाचे खरेपण त्याच्या जातीवरून ठरत नाही, एवढेच म्हणणे आहे.

तिसरा हेतू स्त्रियांच्या स्वच्छ नजरेचा, आणि तो सर्वांत मोहक आहे.

सर चार्ल्स टेगार्ट 1901 मध्ये कलकत्ता पोलिसात आला आणि 1923 ते 1931 तिथला पोलीस आयुक्त होता. बंगालच्या क्रांतिकारकांचा तो मुख्य शत्रू. 1915 मध्ये बालासोरला बाघा जतीनशी झालेल्या चकमकीत तो होता. 1924 च्या जानेवारीत गोपीनाथ साहाने त्याच्यावर म्हणून झाडलेल्या गोळ्यांनी अर्नेस्ट डे हा दुसराच इंग्रज मेला. 1930 च्या ऑगस्टमध्ये डलहौसी चौकात त्याच्या मोटारीवर बाँब पडला, तरी तो वाचला. टेगार्ट 1946 मध्ये वारला, आणि त्यानंतर त्याच्या पत्नीने त्याचे चरित्र लिहिले. ते छापले गेले नाही. त्याची टंकलिखित प्रत संग्रहालयांत जतन आहे, आणि बंगालच्या पोलिसी इतिहासाचे अभ्यासक त्याचा आधार घेतात.

बाँबच्या छायेत नवऱ्याबरोबर राहिलेल्या बाईचे हे लेखन महत्त्वाचे आहे, याविषयी दुमत नाही. पण ते लिहिताना नवरा गेलेला होता, आणि ज्या साम्राज्यासाठी त्याने जन्म घालवला तेही संपत होते किंवा संपले होते. अशा वेळी विधवेने लिहिलेले चरित्र हे स्मारक असते. त्याला ‘सत्तेबाहेरची नजर’ म्हणणे तिच्या लेखनाचा हेतूच न ओळखणे आहे. याच टेगार्टच्या खात्याविषयी कलकत्त्याच्या इलिशियम रोवरच्या गुप्तचर कचेरीतून छळ सोसून बाहेर आलेल्या बंगाली तरुणांच्या आठवणी आहेत. दोन्ही कागद पक्षपाती आहेत. मात्र एकाला आपण ‘अंतरंग’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘प्रचार’, या वर्गवारीला काय आधार आहे?

घरातल्या स्त्रीची साक्ष कामाची नाही, असा याचा अर्थ नव्हे. ती कुठे कामाला येते हे ब्लेअरच्याच घरात दिसते. त्याची धाकटी बहीण अ‍ॅव्हरिल हिने पुढे बीबीसीला मुलाखत दिली. ती 1961 मध्ये छापली गेली. बर्माहून परतलेला भाऊ कसा दिसत होता हे सांगताना तिने एक बारीक गोष्ट सांगितली: त्याला नोकरांची इतकी सवय झाली होती, की सिगारेट ओढून झाली की थोटूक आणि काडी तो जमिनीवर टाकून देई, कोणीतरी येऊन झाडून नेईल अशा अपेक्षेने. अ‍ॅव्हरिल साम्राज्यावर भाष्य करत नव्हती. भावाच्या घाणेरड्या सवयीची बहिणीने करावी तशी तक्रार करत होती. म्हणूनच या एका वाक्यावर मी विश्वास ठेवतो. पाच वर्षांत एक विशीतला पोरगा कसा घडला, हे त्या विलायती जमिनीवर पडलेल्या काडीतून जितके कळते तितके कुठल्याही नैतिक चिंतनातून कळत नाही. पण लक्षात घ्यावे, की ही साक्ष ना पत्रातली आहे, ना रोजनिशीतली. ती तीसहून अधिक वर्षांनी दिलेली आठवण आहे, म्हणजे प्रचलित मताप्रमाणे सर्वांत कमी दर्जाची. ती पटते याचे कारण तिची जात नाही, तर ती सांगण्यात बहिणीचा साम्राज्याविषयी काही सिद्ध करण्याचा हेतू नाही, हे आहे.

दुसऱ्या बाजूची साक्षही ठेवून पाहू. 1924 च्या नोव्हेंबरात रंगूनच्या पॅगोडा रोड स्थानकावर जिना उतरणाऱ्या एका उंच गोऱ्या तरुणाला शाळकरी मुलांचा धक्का लागला आणि तो खाली कोसळला. त्याने छडी उगारली ती मुलाच्या डोक्यावर, पण ऐन वेळी हात आवरून पाठीवर मारली. तिथे असलेल्या कॉलेजच्या मुलांनी त्याला घेरले आणि गाडीत शिरून पुढच्या स्थानकापर्यंत त्याच्याशी वाद घातला. हा तरुण ब्लेअर होता, आणि वाद घालणाऱ्यांतला एक माउंग टिन आंग, जो पुढे रंगून विद्यापीठाचा प्रमुख झाला. त्याने हे लिहिले तेही कित्येक दशकांनी, त्यामुळे त्याचीही परीक्षा हवीच. पण डोक्याकडे निघालेली छडी पाठीवर आली, ही बारकाई मार खाणाऱ्यांच्या बाजूचा माणूस नोंदवतो, तेव्हा तिचे वजन वाढते. कारण ती त्याच्या पक्षाच्या सोयीची नाही. साक्ष आपल्याच बाजूच्या विरुद्ध जाते तिथे ती जास्त पटते, हा न्यायालयातला नियम इथेही लागू आहे.

तीनही हेतू गेल्यावर एक मुद्दा उरतो, आणि तो प्रचलित मत मांडणारे बहुधा काढतच नाहीत: कोणाचे खासगी कागद खासगी म्हणून टिकले?

वासुदेव बळवंत फडके रोजनिशी लिहीत असत आणि त्यांनी आत्मवृत्तही लिहिले. 1879 मध्ये ते कागद सरकारच्या हाती पडले आणि पुण्याच्या खटल्यात त्यांच्याच विरुद्ध वापरले गेले. पुढे ते आपल्याला वाचायला मिळाले ते मुंबई सरकारने 1957 मध्ये छापलेल्या स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथात, इंग्रजी भाषांतराच्या रूपाने. दामोदर चापेकरांचे तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्तही सरकारी दप्तरातूनच आले. म्हणजे साहेबाच्या घरची रोजनिशी नातवंडांनी प्रेमाने संग्रहालयाला दिली म्हणून टिकली, आणि फडक्यांची रोजनिशी मुद्देमाल म्हणून टिकली. आता ‘खासगी कागद खरे, सरकारी कागद संशयास्पद’ ही फूटपट्टी लावून पाहा. फडक्यांच्या रोजनिशीला कुठे ठेवणार? ती लिहिली खासगीत, आली सरकारी फाइलीतून, आणि तीही भाषांतरित होऊन. ज्या वर्गीकरणात मुंबई इलाख्यातली सर्वांत महत्त्वाची राजकीय रोजनिशी बसत नाही, ते वर्गीकरण आपल्या कामाचे नाही.

शिपाई, हवालदार, जमादार, फौजदार अशा खालच्या जागांवर बहुतेक एतद्देशीयच होते. वरचे थोडे अधिकारी तेवढे गोरे. या बहुसंख्य पोलिसांच्या घरांतून पत्रव्यवहाराच्या पेट्या क्वचितच बाहेर आल्या. पोलीस लाइनीतल्या एका खोलीत, बदलीमागून बदलीत, कागद जपायला जागा आणि सवड कोणाला होती? म्हणून ‘पोलीस अधिकाऱ्याच्या कुटुंबाचे अंतरंग’ असे जेव्हा छापले जाते, तेव्हा ते त्या दलाच्या अगदी वरच्या एका थराचे अंतरंग असते. नमुना इतका एकांगी असताना त्यावरून खात्याचा स्वभाव ठरवणे हे संशोधनात बसत नाही.

आता मंडन. या कागदांचे करायचे काय, याचे उत्तर मला साधनचिकित्सेच्या आपल्या जुन्या शिस्तीतच दिसते. घराण्याचा प्रत्येक संग्रह वाचताना तो कोणी जपला, कोणी वेचला आणि कोणत्या साली दिला, हे आधी लिहावे. 1947 नंतर दिलेल्या कागदावर 1947 ची सावली असते. मग त्याच आठवड्याचा ठाण्याचा, कलेक्टर कचेरीचा किंवा न्यायालयाचा कागद शेजारी ठेवावा. जिथे दोन्ही जुळतात तिथे थांबू नये, कारण एकाच घरात दोन्ही कागद तयार होत असत. पत्रात एखाद्या घटनेचा उल्लेख नाही, यावरून काही ठरवण्यापूर्वी लिहिणाऱ्याला ती माहीत होती हे दुसरीकडून सिद्ध करावे. नाहीतर आपण मौनाला आपल्याच मताचा आवाज देतो. आणि विश्वास ठेवायचाच तर तो लेखक ज्या मुद्द्यावर बोलतो आहे त्यावर नव्हे, त्याच्या बोलण्यात ओघाने येऊन गेलेल्या गोष्टीवर ठेवावा: नोकरांची संख्या, पगाराची तारीख, बदलीचा खर्च, दारात कोण येऊ शकत होते आणि कोण नाही, जमिनीवर टाकलेली काडी कोणी उचलायची.

यावर आक्षेप येईल, की अशा कठोर परीक्षेत पत्रांतला जिव्हाळाच मरून जाईल. तो मरत नाही. आयडा ब्लेअरला आजारी मुलाची काळजी वाटली ती खरीच होती, आणि टेगार्टच्या पत्नीचे नवऱ्यावरचे प्रेमही खरेच होते. पण प्रेम खरे असणे आणि प्रेमाच्या माणसाविषयीची साक्ष खरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत करणे हाच या सगळ्या मताचा मूळ दोष आहे. घरचा साक्षीदार जितका जवळचा, तितका त्याचा आरोपीशी संबंध घट्ट. म्हणून त्याची उलटतपासणी इतर साक्षीदारांपेक्षा कमी करायची नसते, जास्त करायची असते.